ऑफ-रोड पिकअपची घरगुती देखभाल आणि अपग्रेड: आधी काय, मग काय

बहुतेकांचं काम असं चालतं: आधी लिफ्ट किट (गाडीची उंची वाढवणारे भाग), मग मोठे टायर, मग लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी दोराने ओढणारं यंत्र), आणि शेवटी ‘गाडी रस्त्यावर डगमगते का?’ याचा शोध. हा क्रम उलटा आहे. बंपर आणि विंचचं वजन ठरल्याशिवाय स्प्रिंग कोणती घ्यायची हे कळत नाही. स्प्रिंग बसल्याशिवाय टायर कुठे घासणार हे कळत नाही. आणि मूळचे बुश, बॉल जॉइंट आधीच झिजलेले असतील, तर नवे भाग बसवून जुनाच दोष महाग होतो.

म्हणून इथे कामं ज्या क्रमाने करायची त्याच क्रमाने दिली आहेत. शिडीसारखी चॅसी, ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा डबा) असलेली फोर-व्हील ड्राइव्ह, मागे कमानपाटे (पोलादी पानांची स्प्रिंग) आणि सरळ अ‍ॅक्सल, पुढे स्वतंत्र सस्पेन्शन अशी नेहमीची पिकअप मी गृहीत धरली आहे. तुमची रचना वेगळी असेल तर तेवढा भाग सोडा. इथला एखादा आकडा सर्व्हिस मॅन्युअलशी जुळला नाही, तर मॅन्युअलचा धरा.

## तयारी: गाडीखाली जाण्याआधी

जागा सपाट आणि पक्की हवी. मातीवर जॅक स्टँड रुततात, आणि कडक उन्हात डांबरावरसुद्धा. स्टँडखाली जाड प्लायवूडचा तुकडा टाकला की हा प्रश्न मिटतो.

अवजारांत एकाच गोष्टीवर तडजोड करू नका, ती म्हणजे टॉर्क पाना. ‘हाताला अंदाज आहे’ म्हणणाऱ्यांचेच अ‍ॅल्युमिनियमच्या हाऊसिंगमधले आटे मरतात. टॉर्क पाना फक्त आवळायला वापरा. गंजलेला नट सोडवायला तोच वापरला की त्याचं मोजमाप बिघडतं. बाकी चार जॅक स्टँड, ट्रॉली जॅक, गोटी पान्यांचा संच, ग्रीस गन, मल्टिमीटर, वायर ब्रश, ब्रेक क्लीनर, रंगाचा मार्कर आणि एक वही. गंजलेल्या बोल्टवर गंज सोडवणारं तेल आदल्या रात्रीच मारून ठेवा. पाच मिनिटं आधी मारलेल्या तेलाचा उपयोग फारसा होत नाही.

काम सुरू करण्याआधी चारही कोपऱ्यांवर एक माप घ्या: चाकाच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं उभं अंतर. जमिनीपासून मोजू नका, कारण मग टायरमधली हवा आणि टायरची झीज दोन्ही मापात घुसतात. माप घेताना डिझेलची टाकी किती भरली होती आणि हौद्यात काय होतं, हेही लिहून ठेवा. पुढे लिफ्ट किती मिळाली, कोणत्या बाजूचा पाटा बसला आहे, हे सगळं या चार आकड्यांवरूनच कळणार आहे.

इशारा: मागचं एकच चाक उचललं, तर गिअरमध्ये ठेवलेली गाडीसुद्धा घरंगळू शकते. डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) हवेतलं चाक उलटं फिरतं आणि जमिनीवरचं चाक मोकळं सुटतं. ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये असेल तर ऑटोमॅटिक गाडीचं ‘पार्क’ही काही धरून ठेवत नाही. त्यामुळे हँडब्रेक लावला असला तरी जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी पाचर लावा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकंच काय, हातही घालू नका.

## टप्पा १: धुणं आणि तपासणी

चिखलाखाली काय दडलंय हे चिखल निघाल्यावरच कळतं. खालून धुताना चॅसीच्या पोकळ भागात पाणी घालून आतली माती बाहेर काढा. चॅसीला तळाशी निचऱ्याची भोकं असतात. ती बुजलेली असली तर चॅसी आतून कुजते आणि बाहेरून रंग मात्र चांगला दिसत राहतो. सीलवर, ब्रीदरच्या (डिफरन्शियल, गिअरबॉक्समधली हवा आत-बाहेर जाऊ देणारी नळी) टोकावर आणि वायरच्या जोडांवर प्रेशर वॉशरचा झोत जवळून मारू नका.

गाडी वाळली की थोडी फिरवून आणा आणि मग गळती शोधा. धुतल्या धुतल्या सगळंच ओलं दिसतं.

तपासणीचा क्रम असा ठेवा:

1. पुढचं चाक जमिनीवरून उचला. घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरून हलवा. खेळ जाणवला तर व्हील बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. मग ९ आणि ३ च्या जागी धरून हलवा. इथे खेळ असेल तर टाय रॉड किंवा स्टिअरिंगचा जोड. दोन्हीकडे सारखाच खेळ असेल तर आधी बेअरिंगवर संशय घ्या.
2. चाकं जमिनीवर टेकवा. जोडीदाराला स्टिअरिंग थोडंसं डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि तुम्ही टाय रॉडच्या टोकांकडे बघा. चाक उचलल्यावर न दिसलेला खेळ इथे दिसतो.
3. प्रोपेलर शाफ्ट हाताने पिळून बघा, वर-खाली हलवून बघा. यू-जॉइंटच्या कपाभोवती तांबूस भुकटी दिसली तर आतलं ग्रीस संपून बेअरिंगच्या सुया गंजल्या आहेत. ग्रीस मारून आता उपयोग नाही, क्रॉस (यू-जॉइंटचा मधला भाग) बदला.
4. कमानपाट्यांची पानं एकेक करून बघा. तडा बहुधा सेंटर बोल्टजवळ किंवा क्लिपजवळ सापडतो. पानं एकमेकांवरून बाजूला सरकली असतील तर सेंटर बोल्ट तुटल्याची शक्यता धरा.
5. शॉकअपवर तेलाचा हलका थर असला तर घाबरायचं कारण नाही. तेल ओघळून त्यावर धूळ चिकटली असेल तर तो गेला.
6. सीव्ही बूटच्या (पुढच्या शाफ्टच्या जोडावरचं रबरी आवरण) घड्या बोटांनी उघडून बघा. चीर बहुधा घडीच्या तळाशी असते.
7. चॅसीवर हातोडीने हलकेच ठोकत जा. खणखणीत आवाज हवा. मधेच बद्द आवाज आला की तिथे थांबून खरवडा. पाट्यांचे हँगर, शॉकअपचे माउंट आणि स्टिअरिंगच्या बसकणीभोवती तडे शोधा.

तपासा: या यादीत जे सदोष निघेल ते आधी दुरुस्त. अपग्रेडचे खोके तोवर उघडायचे नाहीत. विशेषतः झिजलेल्या बॉल जॉइंटवर मोठे टायर चढवणं हे नुसतं वायफळ नाही, धोक्याचं आहे.

## टप्पा २: हाऊसिंग, ट्रान्सफर केस आणि गिअरबॉक्सचं तेल

इंजिन ऑइल सगळेच वेळेवर बदलतात. विसरली जातात ती खालची तेलं (हाऊसिंग म्हणजे डिफरन्शियलचा डबा, ट्रान्सफर केस आणि गिअरबॉक्सची), आणि ऑफ-रोड गाडी मरते ती बहुधा इथेच.

यातला पहिला नियम असा की आधी भरायचा बोल्ट सोडवून बघायचा, मग निचऱ्याचा. निचरा झाला, तेल बादलीत गेलं आणि मग कळलं की वरचा बोल्ट गंजून बसलाय, तर गाडी जागची हलणार नाही. वरचा सुटत नसेल तर त्या दिवशी तेल बदलूच नका.

पाणी शिरलंय का हे बघायचं असेल तर गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी निचऱ्याचा बोल्ट किंचित सैल करा. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे शिरलं असेल तर आधी तेच बाहेर येतं. तेल दुधाळ, कॉफीच्या रंगाचं झालं असेल तर पाणी आधीच घुसळलं गेलंय. एकदा तेल बदलून थोडी गाडी चालवा आणि पुन्हा बदला, कारण पहिल्या निचऱ्यात सगळं निघत नाही. मग पाणी आलं कुठून ते शोधा: अ‍ॅक्सलचं सील की बुजलेला ब्रीदर.

पाण्याचा संशय नसेल तर उलट करा. थोडी गाडी फिरवून तेल कोमट झाल्यावर काढा, म्हणजे ते पातळ होऊन गाळासकट बाहेर येतं.

निचऱ्याच्या बोल्टला बहुधा चुंबक असतं. त्यावर करडा, लोण्यासारखा थर असणं नेहमीचंच. बोटांना टोचणारे कण किंवा दातांचे तुकडे निघाले, तर नवं तेल ओतून गप्प बसू नका. हाऊसिंग उघडावं लागणार आहे.

कुठे कोणतं तेल, इथे सर्वात जास्त गोंधळ होतो:

- डिफरन्शियलला बहुधा जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल लागतं. लिमिटेड स्लिप (एकच चाक मोकळं फिरू न देणाऱ्या) प्रकारचं असेल तर त्यासाठीचं खास तेल किंवा त्यात घालायचं अ‍ॅडिटिव्ह लागतं. ते नसेल तर वळताना मागून करकर आणि झटके येतात.
- मॅन्युअल गिअरबॉक्सला अनेकदा जीएल-४ सांगितलेलं असतं. ‘पाच म्हणजे चारपेक्षा भारी’ असं समजून तिथे जीएल-५ ओतू नका. त्यातली काही रसायनं सिंक्रोनायझरच्या (गिअर बदलताना वेग जुळवणारा भाग) पितळी रिंगांना बाधू शकतात.
- ट्रान्सफर केसला कधी गिअर ऑइल, तर कधी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल लागतं. रंगावरून ठरवू नका, मॅन्युअल उघडा.

तेल भरताना गाडी सपाट हवी. पुढून उचललेली गाडी कमी-जास्त पातळी दाखवते. भरायच्या भोकातून तेल ओघळायला लागलं की थांबा, ओघळ संपू द्या, नवा वायसर घाला आणि बोल्ट टॉर्कवर आवळा. जुना चपटा झालेला वायसर उलटा करून लावायची काटकसर करू नका.

## टप्पा ३: ग्रीस, ब्रेक, हवा आणि थंडावा

ग्रीस. निपल आधी पुसा, नाहीतर तुम्ही गनने धूळच आत ढकलता. यू-जॉइंटमध्ये चारही कपांतून जुनं ग्रीस निघून नवं दिसेपर्यंत मारा. एखाद्या कपातून काहीच येत नसेल तर शाफ्ट थोडा फिरवून पुन्हा प्रयत्न करा. स्लिप जोडाला (शाफ्टची लांबी कमी-जास्त होऊ देणारा जोड) मात्र हा नियम लावू नका. तिथे जास्त ग्रीस दाबलं की शाफ्टला आत सरकायला जागा उरत नाही आणि तो ताण बेअरिंगवर जातो. खोल पाण्यातून गाडी गेली असेल तर किलोमीटर मोजत बसू नका, परत आल्यावर लगेच ग्रीस मारा.

ब्रेक. ब्रेकचं तेल हवेतला ओलावा शोषतं आणि त्याचा उकळबिंदू खाली येतो. लांब उतारावर पॅडल मऊ पडतं ते यामुळे. दर दोन वर्षांनी बदला. डॉट ३ आणि डॉट ४ च्या सर्किटमध्ये सिलिकॉनचं डॉट ५ कधीही घालू नका. हवा काढताना वरचं भांडं रिकामं होऊ द्यायचं नाही. एबीएसच्या युनिटमध्ये हवा गेली तर बऱ्याच गाड्यांत ती स्कॅनरशिवाय निघत नाही. मागे ड्रम असतील तर चिखलातून आल्यावर ते उघडून धुवा. आतली वाळू लायनिंग आणि ड्रम दोन्ही खाते.

हवा. एअर फिल्टर काढल्यावर फिल्टर बघण्याआधी नळीची स्वच्छ बाजू पांढऱ्या फडक्याने पुसा. फडक्यावर धूळ आली तर फिल्टर नवा असूनही काही उपयोग नाही, कारण हवा त्याला वळसा घालून जातेय. कडेचं रबर आणि खोक्याच्या क्लिपा बघा. कागदी फिल्टर हवेने झाडायचाच असेल तर कमी दाबाने, आतून बाहेर. बाहेरून मारलात तर धूळ कागदात रुतते.

थंडावा. रेडिएटरच्या पात्यांत चिखल अडकला की चढावर तापमान वाढतं. धुताना इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, साध्या नळाच्या दाबाने धुवा. प्रेशर वॉशरने पाती आडवी होतात. गरम इंजिनचं झाकण उघडायचं नाही, हे सांगायला नको.

डिझेल. फिल्टरखालचा पाण्याचा निचरा नियमित करा. कॉमन रेल इंजिनची जाड नळी इंजिन चालू असताना सैल करून ‘हवा काढायची’ जुनी सवय मात्र सोडा. तिथला दाब कातडी फाडून आत जातो.

## टप्पा ४: खरेदीआधी वजनाचा हिशोब

हा टप्पा कागदावरचा आहे, म्हणून सगळे वगळतात.

गाडीचं कमाल परवानगीचं वजन वजा रिकाम्या गाडीचं वजन म्हणजे तुमची क्षमता. या क्षमतेत माणसंही येतात. समजा ती ९०० किलो आहे. बंपर आणि विंच १००, हौद्यावरची कॅनोपी ८०, छतावरचा तंबू ६०, ड्रॉवर ६०, दुसरी बॅटरी २५, पाणी ६०, चार माणसं ३०० किलो. झाले ६८५. अजून अवजारं, जादा डिझेल, अन्न, बिछाने आणि कुत्रा यायचे आहेत.

वजन कुठे बसतं हेही महत्त्वाचं. पुढच्या अ‍ॅक्सलच्याही पुढे लटकलेला बंपर पुढच्या अ‍ॅक्सलवर स्वतःच्या वजनापेक्षा जास्त भार टाकतो आणि मागचा भार थोडा उचलतो. मागे हौद्याच्या टोकाला जड सामान ठेवलं की तेच उलट्या बाजूने होतं. अशा गाडीत पाट्यांच्या मधोमध एअरबॅग घालून मागचा भाग उचलणं हा सोपा उपाय वाटतो. पण जो भार पाट्यांच्या दोन टोकांतून चॅसीत जायचा, तो आता मधल्या एकाच जागी जातो. चॅसी वाकण्याच्या घटनांमध्ये ही जोडी पुन्हा पुन्हा दिसते.

यादी पक्की झाली की स्प्रिंग विकणाऱ्याला ‘दोन इंच लिफ्ट द्या’ असं सांगू नका. ‘पुढे कायम १०० किलो जादा, मागे कायम १५० आणि प्रवासात ३००’ असं सांगा. जड भारासाठीचे पाटे रिकाम्या गाडीला लावले तर मागचा भाग खडखडत उडतो, पकड जाते आणि टायर लावूनही फायदा होत नाही.

कोणत्या बदलाला परवानगी लागते आणि विमा कंपनीला काय कळवावं लागतं, हे याच टप्प्यावर विचारून घ्या. बसवून झाल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

## टप्पा ५: सस्पेन्शन बसवणं

पुढच्या कॉइल स्प्रिंग आणि स्ट्रट (स्प्रिंगच्या आतला शॉकअप) वेगळे करायचं काम घरी करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये जी ताकद असते ती स्वस्त कंप्रेसरमधून निसटली तर दुसरी संधी मिळत नाही. जोडलेलाच स्ट्रट विकत घ्या किंवा तेवढं काम वर्कशॉपमध्ये करून आणा. तयार स्ट्रट गाडीला बोल्टने बसवणं घरी सहज जमतं.

पुढे टॉर्शन बार (पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्या) असतील तर बोल्ट पिळून गाडी वर येते खरी, पण चाकाचा एकूण प्रवास तेवढाच राहतो. जेवढी उंची वर मिळवली तेवढं चाक खाली जायचं कमी होतं. पुढच्या स्वतंत्र सस्पेन्शनला मूळ आर्म ठेवून साधारण ५० मिलिमीटरच्या पलीकडे जायचा मोह टाळा. सीव्ही जॉइंटचा कोन वाढतो आणि बूट फाटतात.

मागचे कमानपाटे मात्र घरी बदलता येतात. एका वेळी एकच बाजू घ्या. दुसरी बाजू जागेवर असली की अ‍ॅक्सल सरकत नाही.

1. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा आटा सैल करा.
2. चॅसी स्टँडवर, अ‍ॅक्सल ट्रॉली जॅकवर. पुढच्या चाकांना पाचर.
3. शॉकअपचं खालचं टोक सोडवा, मग यू-बोल्ट. अ‍ॅक्सल हळूहळू खाली सोडताना ब्रेकची नळी, एबीएसची वायर, हँडब्रेकची केबल आणि ब्रीदरची नळी यांवर नजर ठेवा. यातलं काहीही ताणलं गेलं तर तिथेच थांबा.
4. जुना पाटा काढा. हँगर आणि शॅकलची (पाट्याचं एक टोक चॅसीला जोडणारी हलती पट्टी) बसकण वायर ब्रशने साफ करा.
5. नवा पाटा लावा. डोळ्याचे (पाट्याच्या टोकाच्या वेटोळ्याचे) आणि शॅकलचे बोल्ट फक्त हाताने फिरवा. आवळू नका.
6. सेंटर बोल्टचं डोकं अ‍ॅक्सलच्या बसकणीतल्या भोकात नीट बसलंय ना ते बोटाने चाचपा. ते कडेवर टेकलं असेल आणि तुम्ही यू-बोल्ट आवळले, तर अ‍ॅक्सल तिरका बसतो आणि गाडी खेकड्यासारखी चालते.
7. यू-बोल्ट नवेच वापरा. जुने ताणलेले असतात, पुन्हा तीच पकड देत नाहीत. तिरप्या क्रमाने, थोडे थोडे आवळा. चारही टोकांना सारखे आटे बाहेर दिसले पाहिजेत.
8. चाक लावा, गाडी जमिनीवर उतरवा, हौद्यावर उभं राहून तीन-चारदा दाबा.
9. आता, गाडीचं पूर्ण वजन चाकांवर असताना, डोळ्याचे आणि शॅकलचे बोल्ट टॉर्कवर आवळा.

पाचव्या आणि नवव्या पायरीत जे सांगितलं तेच सर्वात जास्त चुकतं. रबरी बुश ज्या स्थितीत आवळला जातो ती त्याची विश्रांतीची स्थिती ठरते. चाक लोंबकळत असताना आवळलात तर गाडी उभी असतानाही तो पिळलेला राहतो. सहा महिन्यांत फाटतो आणि दोष मात्र किटला लागतो. पुढच्या आर्मच्या बुशनाही हाच नियम.

इशारा: लिफ्ट ब्लॉक (अ‍ॅक्सल आणि पाट्यामधला उंची वाढवणारा ठोकळा) मागच्या अ‍ॅक्सलला एकच. एकावर एक रचायचे नाहीत, आणि पाटे असलेल्या पुढच्या अ‍ॅक्सलला तर मुळीच नाहीत.

## टप्पा ६: लिफ्टनंतर लगेच करायची कामं

गाडी उंच झाली, आता फोटो काढायच्या आधी हे करा.

एक अ‍ॅक्सल पूर्ण खाली लोंबू द्या आणि ब्रेकच्या नळ्या बघा. ताठ झाल्या असतील तर लांब नळ्या किंवा ब्रॅकेट बदलणं सक्तीचं. चाक दोन्ही बाजूंना पूर्ण वळवूनही बघा.

अनेक पिकअपमध्ये मागच्या अ‍ॅक्सलला एका दांड्याने जोडलेला ब्रेकचा व्हॉल्व्ह असतो. मागे भार किती, हे तो चॅसी आणि अ‍ॅक्सलमधल्या अंतरावरून ओळखतो आणि त्याप्रमाणे मागच्या ब्रेकला दाब देतो. गाडी उचलली की त्याला हौदा कायम रिकामाच वाटतो. परिणामी भरलेल्या गाडीत मागचे ब्रेक कमी लागतात. दांड्याचं ब्रॅकेट लिफ्टइतकं सरकवून मॅन्युअलप्रमाणे समायोजित करावं लागतं. हे जवळजवळ कुणीच करत नाही.

ताशी ५० ते ८० किलोमीटरला तळातून नवी थरथर येत असेल तर प्रोपेलर शाफ्टचा कोन बदललाय. दोन तुकड्यांचा शाफ्ट असेल तर मधलं बेअरिंग थोडं खाली घ्यावं लागतं.

अलाइनमेंट मशीनवर करून घ्या आणि फक्त टो-इन (चाकं पुढून आत किती वळलेली आहेत ते) नको, कॅस्टरचा (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) आकडाही मागा. लिफ्टने कॅस्टर कमी होतो, आणि सरळ रस्त्यावर गाडी भरकटते ती त्यामुळे. हेडलाइटचा झोत खाली घ्या. काचेमागे कॅमेरा किंवा पुढे रडार असेल तर त्याचं कॅलिब्रेशनही लागेल.

## टप्पा ७: टायर

आधी गणित. २६५/७०आर१६ चा व्यास सुमारे ७७७ मिलिमीटर. २६५/७५आर१६ चा सुमारे ८०४. म्हणजे ३.४ टक्के मोठा. स्पीडोमीटर तेवढा मागे पडतो, म्हणजे आधी अचूक असलेला काटा १०० दाखवताना गाडी १०३ वर असते. गिअरही तेवढेच लांब होतात. डिफरन्शियलखालची उंची मात्र फक्त १३ मिलिमीटर वाढते, कारण व्यासातली निम्मीच वाढ खाली येते. पण सरळ अ‍ॅक्सलची उंची वाढवायचा दुसरा सोपा मार्ग नाही. लिफ्टने चॅसी उचलली जाते, अ‍ॅक्सल नाही.

पाचही टायर एकाच मापाचे घ्या. पुढे-मागे वेगळ्या व्यासाचे टायर आणि फोर-व्हील ड्राइव्ह लावलेली, म्हणजे ट्रान्सफर केसची ओढाताण. पार्ट-टाइम फोर-व्हील कोरड्या डांबरावर वापरायची नसते, तेही याच कारणाने. पाचवा टायर चॅसीखालच्या जागेत मावतो का, हे विकत घ्यायच्या आधी मोजा. लोड इंडेक्स (टायर किती भार पेलतो त्याचा आकडा) मूळ टायरपेक्षा कमी नको.

नट ताऱ्याच्या क्रमाने आवळा आणि अंतिम टॉर्क चाक जमिनीवर टेकल्यावर द्या. आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ लावू नका. घर्षण कमी झालं की त्याच टॉर्कला बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो.

वाळूत किंवा दगडांवर हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवता येते, पण मग वेगही उतरवा आणि जोरात वळू नका. साध्या रिमवर १५ च्या खाली जाणं म्हणजे टायर रिमवरून उतरण्याला आमंत्रण. डांबरावर परतताना हवा आधी भरा.

## टप्पा ८: ब्रीदर आणि स्नॉर्केल

यात ब्रीदर आधी, स्नॉर्केल (इंजिनची हवा उंचावरून घेणारी नळी) नंतर. तापलेलं हाऊसिंग थंड पाण्यात शिरलं की आतली हवा आकुंचन पावते. ब्रीदर पाण्याखाली किंवा बुजलेला असेल तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. दोन्ही डिफरन्शियल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसच्या नळ्या वाढवून इंजिनच्या खणात उंच आणा. नळी वाटेत कुठे पिळली जाऊ नये आणि अ‍ॅक्सल लोंबला तरी ताणली जाऊ नये एवढी सैल ठेवा. काम स्वस्त आहे, एका दुपारचं आहे.

स्नॉर्केल बसवला आणि एअर बॉक्सच्या तळाचं भोक तसंच राहिलं, तर पाणी तिथूनच आत जाणार. प्रत्येक जोड सील झाला पाहिजे.

## टप्पा ९: वायरिंग

बॅटरीचं ऋण टोक आधी काढा, शेवटी लावा. फ्यूज वायरच्या संरक्षणासाठी असतो, दिव्याच्या नाही. म्हणून तो बॅटरीजवळ, २० सेंटिमीटरच्या आत हवा. ६० वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टवर १० अँपिअर घेतात. त्याला १५ चा फ्यूज, रिले आणि किमान २.५ चौरस मिलिमीटरची वायर, अंतर लांब असेल तर ४ ची. पत्र्यातून जाताना रबरी ग्रोमेट घाला. अर्थ देताना रंग खरवडून धातू उघडा करा.

ऋण टोकावर वीज मोजणारा सेन्सर असेल तर नव्या उपकरणांची अर्थ चॅसीला द्या, थेट टोकाला नाही. नाहीतर खर्च झालेल्या विजेचा हिशोब गाडीला लागत नाही.

तपासा: उभ्या गाडीत, काही तास न वापरलेली, पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट. १२.२ म्हणजे निम्मी.

## टप्पा १०: ओढायच्या जागा आणि विंच

ट्रेलरचा बॉल हा गाडी ओढून काढायची जागा नाही. तो तुटला की काचेतून आरपार जातो, आणि माणसं त्यात गेली आहेत. वाहतुकीत गाडी बांधायला दिलेले पातळ हुकही त्या कामाचे नाहीत. चॅसीला बोल्ट केलेले, भारक्षमता छापलेले पॉइंट पुढे-मागे बसवा. बाकी सगळं नंतर.

विंचची क्षमता भरलेल्या गाडीच्या दीडपट: ३,००० किलोला ४,५०० ची. छापलेला आकडा ड्रमवरच्या सर्वात आतल्या थराचा असतो. वरच्या थरांवर ओढ कमी होत जाते. तरी पूर्ण दोर सोडायचा नाही: लोखंडी दोराचे किमान ५ आणि सिंथेटिकचे १० वेढे ड्रमवर राहू द्या. नवा दोर हलक्या ताणाखाली पुन्हा गुंडाळून घ्या, नाहीतर वरचा थर खालच्यात रुततो. ओढताना दोरावर वजनदार ब्लँकेट टाका आणि माणसांना दोराच्या रेषेपासून लांब ठेवा.

## टप्पा ११: पुन्हा आवळणं

टॉर्क दिलेल्या प्रत्येक नटावर मार्करने नट आणि पत्रा जोडणारी एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला.

चाकाचे नट ५० ते १०० किलोमीटरनंतर तपासा. यू-बोल्ट १०० ला, पुन्हा ५०० ला, आणि पहिल्या खडतर फेरीनंतर. पाटे नवीन असताना थोडे बसतात, त्यामुळे पहिल्या वेळी थोडं आवळावं लागणं अपेक्षितच आहे. सुरुवातीची चार मापंही पुन्हा घ्या. एका बाजूला १० मिलिमीटरहून जास्त फरक पडला असेल तर कारण शोधा.

तिसऱ्यांदाही तोच यू-बोल्ट सैल सापडला, तर पुन्हा आवळून गाडी बाहेर काढू नका. उघडा. सेंटर बोल्ट बसकणीत बसलेला नसतो, नाहीतर बसकणीवर गंजाचे पापुद्रे तसेच राहिलेले असतात.